विषय क्रमांक सात

यूस्टुस ब्राकेबुश वारला तेव्हा गावच्या वर्तमानपत्राने त्याचा फोटो पहिल्या पानावर छापला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या मातीतला थोर कादंबरीकार.’ माती आमचीच, हे खरं. थोर होता की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण त्याची ती गाजलेली कादंबरी मी तीनदा हातात घेतली आणि तिन्ही वेळा चाळिसाव्या पानावर मला झोप लागली. पण मी निदान उघडली तरी. अंत्ययात्रेत डोळे पुसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिचं मुखपृष्ठ पाहिलं होतं ते फक्त जळताना.

समोर मी त्याला नेहमी ‘हेर ब्राकेबुश’, म्हणजे आमच्या जर्मनमध्ये ‘श्रीयुत’, आणि ‘तुम्ही’च म्हटलं. आता तो मातीखाली आहे आणि मी पन्नाशी ओलांडली आहे, तेव्हा एकेरीवर यायला हरकत नाही. मी ट्राउडे केसेलबाउअर. साखर कारखान्यामागे, ओकर नदीच्या काठाला ‘एकोपा’ बागमंडळाची वसाहत आहे, तिची मी चिटणीस. माझा प्लॉट अठरा नंबरचा, त्याचा सतरा. मधे कमरेएवढं कुंपण. माणूस ओळखायला तेवढं पुरतं.

कुंपण कमरेएवढंच, कारण पोटनियमात तसं आहे. दुपारी एक ते तीन हातोडा, करवत, कोंबडा आणि लहान मूल यांपैकी कशाचाही आवाज चालत नाही. एक तृतीयांश जागेत भाजी हवीच, आणि ती तेवढ्या जागेत आहे का हे समितीचा माणूस फीत घेऊन मोजतो. बाहेरचे लोक हसतात. हसोत. राज्यं आली आणि गेली, आमचे पोटनियम तेच आहेत, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

ब्राकेबुश पहिल्या महायुद्धात पलटणीचा आचारी होता. उजव्या हाताची दोन बोटं त्याने आघाडीवर गमावली, म्हणजे कोबी कापायच्या पात्यावर. शत्रूचा त्यात काही संबंध नव्हता. पण अर्ज भरणाऱ्या कारकुनाने कारणाच्या रकान्यात ‘आघाडीवर’ एवढंच लिहिलं आणि याला पदक मिळालं. ते पदक घालून त्याने चारशे पानांची कादंबरी लिहिली, ‘पलटणीचा कोबी’. तिचं सार असं की अधिकाऱ्यांनी मांस खाल्लं, शिपायांनी कोबी खाल्ला, आणि म्हणून आपण लढाई हरलो. पुस्तक खपलं. काही लोक खूप हसले आणि काही लोकांनी त्याचं नाव लिहून ठेवलं.

त्याच सुमारास त्याने आणि त्याच्या बायकोने, क्लाराने, सतरा नंबर घेतला. ‘घेतला’ त्याने, राबली ती. आमच्या कुंपणाला लागून तिने गूजबेरीची दहा काटेरी झुडपं लावली. हा पालथ्या बादलीवर बसून पाइप ओढायचा आणि तिला माळीकामावर व्याख्यान द्यायचा. त्याच्या वाट्याच्या कोपऱ्यात तण माजायचं, विशेषतः ते पिवळं फूल, ज्याचं बी म्हातारी होऊन उडतं. मे महिन्यात सतरा नंबरातून निघालेल्या म्हाताऱ्या सगळ्या वसाहतीवर उतरत. आम्ही पोरं त्या पकडायला धावायचो आणि मोठी माणसं ब्राकेबुशच्या नावाने बोटं मोडायची. हे भांडण खरं होतं, एवढं त्या लोकांच्या बाजूने मी म्हणेन.

तेहतीस सालच्या मे महिन्यात गावच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. ब्राकेबुश टोपी डोळ्यांवर ओढून बघायला गेला. इतर लेखकांचे गठ्ठेच्या गठ्ठे आगीत पडत होते आणि याची एकच प्रत, सार्वजनिक वाचनालयातली, तीही पहिलं पान फाटलेली. तो घरी आला तो संतापूनच. ‘एक प्रत! एवढीच लायकी ठरवली माझी!’ क्लाराने त्याला शांत केलं, दोन पेट्या भरल्या, आणि दुसऱ्या दिवशी दोघं प्रागच्या गाडीत बसली. हे सगळं पुढे त्यानेच मला सांगितलं, तेव्हा निम्मं खरं धरावं.

इकडे मंडळावर नवा म्होरक्या आला होता. त्याचं नाव मी घेत नाही, त्याच्या नातवंडांचा प्लॉट अजून आमच्याकडे आहे. त्याने फर्मान काढलं, ब्राकेबुशला मंडळातून हाकला. तेव्हा चिटणीस होते माझे बाबा, आल्विन केसेलबाउअर, पोस्टातले कारकून. बाबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “कोणत्या कलमाखाली?”

कादंबरी लिहिण्याविरुद्ध आमच्या पोटनियमात कलम नव्हतं. तणाविरुद्ध होतं, चौदावं. मग ठरलं की देशद्रोही लेखकाला म्हाताऱ्या उडवल्याबद्दल काढायचं. पण त्याच कलमात पुढे लिहिलं होतं की सभासदाला पोचपावतीच्या पत्राने सभेला बोलावून त्याच्या समोर मतदान घ्यावं. बाबांनी पत्र पाठवलं. ते ‘मालक घर सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आलं. बाबांनी इतिवृत्तात सुंदर अक्षरात लिहिलं, ‘विषय क्रमांक सात. सभासद ब्राकेबुश यांची हकालपट्टी, कलम चौदा. सभासद अनुपस्थित. विषय तहकूब.’ प्लॉट ‘तात्पुरत्या देखभालीसाठी’ कुनो ल्यूडर्स नावाच्या ट्रामचालकाला दिला.

तहकूब विषय पुढच्या सभेत घ्यावा लागतो. पुढच्या वर्षी तो घेतला. अनुपस्थित, तहकूब. त्याच्या पुढच्या वर्षीही. एव्हाना मतदान हा शब्दच देशातून गेला होता, तरी विषय क्रमांक सात चालूच होता. युद्ध सुरू झालं, अनुपस्थित, तहकूब. पंचेचाळीसची सभा कारखान्याच्या तळघरात झाली, वर बाँब पडत होते, सात माणसं हजर होती. अनुपस्थित, तहकूब. इंग्रज आले, म्होरक्या पळाला, वहीवरचा नाझी गरुड आम्ही खरवडून काढला आणि त्याखाली पुन्हा लिहिलं, तहकूब. एवढं भिजत घोंगडं जगात दुसरं नसेल.

लोक मला विचारतात, तुमचे वडील मनातून ब्राकेबुशच्या बाजूचे होते का? म्हणून का त्यांनी विषय लोंबकळत ठेवला? फार सुंदर कल्पना आहे. मलाही आवडली असती. पण बाबांना माणसांपेक्षा कलमं आवडत होती, आणि ब्राकेबुशला कायदेशीर काढता आलं असतं तर त्यांनी तेही तितक्याच सुंदर अक्षरात लिहिलं असतं. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात ते न्यूमोनियाने गेले. प्लॉट, वही आणि विषय क्रमांक सात माझ्याकडे आला.

पन्नास सालच्या शरद ऋतूत मी गाजरं उपटत होते. फाटकाशी कानांवर झापडं असलेली रंगीबेरंगी लोकरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा राहिला. अशी टोपी आमच्याकडे वेड्यालाही कोणी घालू देणार नाही.

“तू आल्विनची पोर ना? नाक तसंच आहे.”

“हेर ब्राकेबुश?”

“उरलेला. आत येऊ का?”

तो माझ्या बाकावर बसला आणि सतरा वर्षं दहा मिनिटांत उरकली. प्राग, मग मार्सेय, मग बोलिव्हिया. ला पास नावाच्या डोंगरावरच्या शहरात त्याने सॉसेज विकले. दोन कादंबऱ्या लिहिल्या, एक कोणी छापली नाही, एक उंदरांनी खाल्ली. “तेच जाणकार वाचक निघाले,” म्हणाला. क्लारा त्रेचाळीस साली गेली. तिथली हवा विरळ असते, तिचं हृदय पुरं पडलं नाही. हे सांगताना तो थांबला आणि पाइप शोधू लागला. पाइप त्याच्या तोंडातच होता.

“मला काही नुकसानभरपाई नको, पोरी. मला सतरा नंबर हवा. तिची गूजबेरी. शेवटच्या आजारात ती तेच विचारत होती, छाटणी कोण करत असेल म्हणून. आहेत ना झुडपं?”

त्याला बाकावरून ती ओळ दिसत नव्हती, मधे माझं खोपट होतं. मला माहीत होतं की ल्यूडर्सने ती बेचाळीस साली मुळासकट उपटली. मीच कुंपणावरून बघत उभी होते.

“बघावं लागेल,” मी म्हणाले.

कसली भित्री पोर होते मी! एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

त्याने बेकरीच्या वरची खोली भाड्याने घेतली आणि प्लॉटसाठी समितीकडे अर्ज दिला. समितीने नेहमीप्रमाणे वार्षिक सभेपर्यंत थांबायला सांगितलं. नियम असा की न बोलावता दुसऱ्याच्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि ल्यूडर्सने त्याला बोलावलं नाही, मीही पुन्हा नाही. त्यामुळे पूर्ण हिवाळा तो आमच्या रस्त्याने ती टोपी घालून फेऱ्या मारायचा, मान उंच करायचा, पण मधे आमची खोपटं यायची आणि त्याला ती ओळ दिसायची नाही.

आता माझा पराक्रम. जानेवारीत सभेची विषयपत्रिका काढायची होती. मी दरवर्षीप्रमाणे मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवला, कार्बन लावले आणि टाइप केलं. एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, पाण्याचे नळ. तीन, खत. बोटं आपोआप चालतात. सात, सभासद ब्राकेबुश यांची हकालपट्टी, कलम चौदा. सगळ्यांना साध्या टपालाने, त्याला पोचपावतीसह. पोचपावती त्याच्या तीन बोटांच्या वाकड्या सहीने परत आली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणूस या वेळी अनुपस्थित नव्हता.

मी धावत बेकरीवर गेले. तो खिडकीशी कागद हातात घेऊन बसला होता आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“हेर ब्राकेबुश, माझी चूक झाली. जुन्या कागदावरून टाइप केलं, मी... मला लाज वाटते.”

“लाज? अगं, सतरा वर्षं! एकाही प्रकाशकाने मला सतरा वर्षं लक्षात ठेवलं नाही. दरवर्षी माझं नाव वाचलं जायचं?”

“दरवर्षी.”

“मोठ्याने?”

“बाबा मोठ्यानेच वाचायचे.”

“म्हणजे मला काढलंच नव्हतं! चार देशांनी मला हाकललं, पोरी, आणि एकानेही माझ्या तोंडावर मत घेतलं नाही. मी येणार.”

“पण मत विरोधात गेलं तर प्लॉट कायमचा जाईल. मी अध्यक्षांना, हेर विटकॉपना सांगते, काहीतरी करून विषय गाळू या.”

त्याने हसणं थांबवलं. “कलम नऊ वाच. गाळायचा तर चौदा दिवस आधी लेखी अर्ज लागतो. आज किती दिवस उरले?”

“नऊ.”

“मग? तुमच्या मंडळात बेकायदा काही होता कामा नये.”

फेब्रुवारीतल्या रविवारी, चर्च सुटल्यावर, मंडळाच्या खोलीत सभा भरली. ओल्या कोटांचा आणि जवाच्या कॉफीचा वास. त्रेसष्ट सभासद, एवढी गर्दी खताच्या विषयाला कधी होत नाही. अध्यक्ष विटकॉप, बियाण्याचा दुकानदार. तेहतीस साली तो खजिनदार होता आणि म्होरक्याच्या शेजारी बसायचा. आता त्याचं म्हणणं असं की मनातून तो कायम विरोधातच होता. मन कोणी पाहिलंय?

पहिले सहा विषय एवढ्या लवकर कधी संपले नव्हते. मग विटकॉपने नाक शिंकरलं.

“विषय सात. तर हा एक जुना विषय राहून गेलाय. सगळ्यांना कल्पना आहेच. पुढे जाऊ या.”

“कलम नऊ,” मागच्या रांगेतून आवाज आला. “लेखी अर्ज आलाय का?”

विटकॉपने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

“मग तहकूब करू.”

“तहकूब सभासद अनुपस्थित असेल तर. हा काय मी उभा आहे.” आणि त्याने ती टोपी काढून हातात घेतली.

“अहो ब्राकेबुश,” विटकॉप समजावणीच्या सुरात म्हणाला, “तुमच्याच भल्यासाठी चाललंय. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता? झालं गेलं ओकरला मिळालं. आपण सगळी चांगली माणसं आहोत.”

“तेच बघायला आलोय. तेहतीस साली हात कोणी वर केले असते ते मला कळलं नाही, मी गाडीत होतो. आज बघू दे. मत घ्या.”

मग ल्यूडर्स उभा राहिला. उंच, वाकलेला माणूस, बाहेर बर्फ असो की ऊन, ट्रामचा गणवेशाचा कोट अंगावर.

“मला बोलता येत नाही,” तो म्हणाला. “चव्वेचाळीसच्या ऑक्टोबरात माझं घर बाँबमध्ये गेलं. बायको, सासू आणि मी त्या सतरा नंबरच्या खोपटात राहतो. हे राहिले तर आम्हाला निघावं लागेल. तणाबिणाचं मला काही नाही. पण मी यांना काढण्याच्या बाजूने हात वर करणार. आधीच सांगतो, पाठीमागून वार नको.”

“छान,” ब्राकेबुश म्हणाला. “बसा. आणखी कोणी?”

आणखी कोणी नव्हतं. विटकॉपने घसा साफ केला. “हकालपट्टीच्या बाजूने?”

ल्यूडर्सचा हात वर गेला. एकटा. लोक त्याच्याकडे अशा नजरेने बघू लागले जणू तोच या खोलीतला एकमेव पापी होता.

“विरोधात?”

मी इथे जरा सावकाश सांगते, कारण त्या वेळीही ते सावकाशच घडलं. ब्राकेबुशने हात वर केला, तीन बोटांचा. आणि मग तो मान वळवून एकेका रांगेकडे बघत राहिला. बेकरीवाला, ज्याच्या वरच्या खोलीत तो राहायचा, बूट बघत होता. विटकॉप कागद बघत होता. बाकी सगळे एकमेकांकडे बघत बसले होते, की आधी कोणी करतो का, म्हणजे मग आपणही करू. ल्यूडर्स सोडला तर त्याच्या विरोधात कोणी नव्हतं. त्याच्या बाजूनेही कोणी नव्हतं. सगळ्यात शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. माझा हात टेबलावर होता, पेन्सिल धरून. मी स्वतःला सांगितलं की चिटणीस लिहितो, मत देत नाही. असं कुठल्याही कलमात नाही. मला कलमं पाठ आहेत.

“तटस्थ?” विटकॉपने विचारलं, आणि हातांचं रान उभं राहिलं. मी साठ मोजले. मग पेन्सिल खाली ठेवून माझा हात वर केला. एकसष्ट.

एक विरुद्ध एक. समसमान मतं पडली तर ठराव फेटाळला, असं कलम सोळा. ब्राकेबुश सभासद राहिला, स्वतःच्या मताने. टाळ्या कडाडल्या. खरंच वाजवल्या त्या लोकांनी टाळ्या, सुंठीवाचून खोकला गेला म्हणून. विटकॉप तर त्याचा हात हातात घेऊन हलवत होता.

सभा संपताच तो तडक सतरा नंबरला गेला. मी मागोमाग. ल्यूडर्स फाटकात उभा होता आणि त्याची बायको दारात, तिच्या हातात आधीच एक गाठोडं.

“किती दिवस देता?” ल्यूडर्सने विचारलं.

“कशाला?”

“निघायला.”

“मी त्या खोपटात राहू? माझ्या सांध्यांना बेकरीची ऊब लागते. तुम्ही राहा. मला फक्त अठरा नंबरकडच्या कुंपणाची ओळ द्या. गूजबेरीची.”

ल्यूडर्सने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं होतं मी सांगितलं असेल.

“उपटली,” तो म्हणाला. “बेचाळीसमध्ये. बटाटे हवे होते. पोरगा तेव्हा घरी होता, त्याची भूक मोठी.”

“पोरगा कुठे आहे?”

“रशियात. तिथेच.”

ब्राकेबुश त्या जागेपर्यंत चालत गेला. गोठलेली काळी माती होती, दुसरं काही नाही. पालथी बादली मात्र कुठलीतरी तिथे होती. तो तिच्यावर बसला आणि रडला, मोठ्याने, नाक गळेपर्यंत. आम्ही दोघं दोन बाजूंना खांबासारखे उभे. बऱ्याच वेळाने त्याने टोपीने तोंड पुसलं.

“बटाटे कसे आले?”

“चांगले,” ल्यूडर्स म्हणाला. “पहिल्या वर्षी फारच चांगले.”

“तिची माती होती ती. येणारच.” मग तो उठला आणि ल्यूडर्सला म्हणाला, “त्या खोलीत मत असलेला तुम्ही एकच माणूस होता. बाकीच्यांपेक्षा तुमच्याशी भांडायला मला आवडेल.”

आणि पुढची तेरा वर्षं ते दोघं भांडले. एका प्लॉटमध्ये, मधे दोरी बांधून. ल्यूडर्स खणायचा, ब्राकेबुश त्याला खणण्यावर व्याख्यान द्यायचा. कलम चौदाखाली ब्राकेबुशविरुद्ध नऊ तक्रारी आल्या, सगळ्या रास्त होत्या. नवी गूजबेरी त्याने लावली नाही, त्याला काटे आवडत नसत. तिसरी कादंबरी त्याने लिहायला घेतली आणि रोज संध्याकाळी ल्यूडर्सच्या सासूला वाचून दाखवली. ती ठार बहिरी होती. माणूस कसा होता? आढ्यताखोर, कंजूष, दुसऱ्याला बोलू न देणारा. मला तो फार आवडायचा, आणि त्याच्या नजरेला नजर द्यायला मला जड जायचं.

त्याचं कारण मतदान झालं तो दिवस नव्हे, पुढच्या वर्षीची सभा. ती सांगायचं मी इतका वेळ टाळतेय.

बावन्न सालचा फेब्रुवारी, तीच खोली, तीच कॉफी. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी वाचलं. बाजूने एक, विरोधात एक, तटस्थ एकसष्ट. विटकॉपने रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोणाची दुरुस्ती?” कधीच कोणाची नसते. मी वर्षभर झोप न झालेली बाई होते. मी उभी राहिले.

“माझी आहे. तटस्थ साठ लिहावं. विरोधात दोन. माझं मत विरोधातच होतं. हात वर करायचा राहून गेला.”

मला वाटलं होतं लोक हसतील. कोणी हसलं नाही. बेकरीवाला हळूच उठला. “माझंही तसंच झालं. माझं पण विरोधात लिहा.”

“माझं पण,” खिडकीजवळून कोणीतरी.

“आमच्या ओळीचं सगळं.”

“माझा खांदा दुखत होता त्या दिवशी.”

“ट्राउडे, आमचे दोघांचे लिही गं!”

वरातीमागून घोडं निघावं आणि त्यामागे सगळं गाव, तसं झालं. मी समासात आकडे खोडून नवे लिहीत होते. दहा, वीस, चाळीस. चेहरे उजळले होते, माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत होती. शेवटी विटकॉप उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, “अध्यक्षाचंही विरोधात. मनातून कायमच होतं.” आता तटस्थ कोणी उरलंच नव्हतं. एका वर्षापूर्वी या गावाने एका लेखकाला एकमुखाने वाचवलं होतं, फक्त ल्यूडर्स सोडून.

“हेर ल्यूडर्स,” ब्राकेबुशने बसल्या जागेवरून विचारलं, “तुमची काही दुरुस्ती?”

“नाही. माझं होतं तेच.”

“माझंही.” तो उठला. “कलम अकरा. इतिवृत्तात दुरुस्ती करायला सर्वांची संमती लागते. माझी नाही.”

“अहो, पण तुमच्याच बाजूचं आहे हे!” बेकरीवाला कळवळून म्हणाला.

“हो. म्हणूनच नाही.” मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं. “हात किती होते, पोरी? तू मोजले होतेस.”

“एकसष्ट,” मी म्हणाले.

“मग तसंच वाच. जरा मोठ्याने. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं वाटतं.”

मी समासातलं सगळं पुसलं. उभी राहिले आणि वाचलं. बाजूने एक. विरोधात एक. तटस्थ एकसष्ट.

विटकॉपने इतिवृत्त कायम करण्यासाठी मत मागितलं. या वेळी कोणी कोणाकडे बघितलं नाही. सगळे हात वर गेले, माझाही, आणि मी खाली लिहिलं : एकमताने मंजूर.